नखाएवढ्या चित्राची जबाबदारी

स्टीम या संगणकीय गेमच्या दुकानात 2024 या एका वर्षात 18 हजारांहून अधिक नवे गेम दाखल झाले. रोजचे पन्नासच्या आसपास. त्यातले बहुसंख्य मोठ्या कंपन्यांचे नाहीत. ते एकट्याने किंवा चार-पाच जणांनी मिळून, नोकरी सांभाळत आणि साठवलेले पैसे घालत केलेले आहेत. यांनाच आपण इंडी गेम म्हणतो. दोन-तीन वर्षे खपून केलेल्या अशा गेमची खेळाडूशी पहिली भेट गेममध्ये होत नाही, ट्रेलरमध्येही होत नाही. ती होते दुकानाच्या यादीतल्या एका छोट्या आयताकृती चित्रापाशी. स्टीमवर त्याला कॅप्सूल म्हणतात, इतरत्र थंबनेल, कव्हर किंवा आयकॉन. नजर तिथे थांबली तर पुढचे सगळे. नाही थांबली तर त्या खेळाडूपुरता तो गेम बाजारात आलाच नाही.

या चित्रात काय असावे, ते कोणाकडून करून घ्यावे, ते चालते आहे की नाही हे कसे ओळखावे आणि गेमपेक्षा ते किती देखणे असले तर चालते, या प्रश्नांवर गेल्या दहा-बारा वर्षांत पुष्कळ अनुभव साठला आहे. काही बाबतींत एकमत झाले आहे, काहींत वाद आहेत, आणि काही समजुती नुसत्याच रूढ झाल्या आहेत. त्या सगळ्यांकडे एकदा नीट पाहायला हवे. माझे मत आधीच सांगतो. कॅप्सूल हे गेम पूर्ण झाल्यावर उरकायचे जाहिरातीचे काम नाही, तो गेमच्या रचनेचाच भाग आहे. या गेममध्ये खेळाडू नेमके काय करणार आहे हे निर्मात्याला स्वतःला स्पष्ट नसेल, तर जगातला उत्तम चित्रकारही त्याचे कॅप्सूल वाचवू शकत नाही.

मुखपृष्ठाने गेम विकण्याची पद्धत जुनी आहे. 1977 साली अटारीने बाजारात आणलेल्या यंत्रावर (पुढे ते अटारी 2600 म्हणून ओळखले गेले) पडद्यावर मोजके चौकोन आणि रेघाच दिसू शकत. क्लिफ स्पॉन यांच्यासारख्या चित्रकारांनी त्या गेमच्या खोक्यांवर वेगवान गाड्या, विमाने, धावणारी माणसे यांची रंगीत चित्रे काढली. चौकोनांमागचे जग खेळणाऱ्याच्या मनात उभे करणे हे त्या चित्रांचे काम होते. मुखपृष्ठ बदलले की गेमचा चेहराच कसा बदलतो, याचे नेहमी दिले जाणारे उदाहरण म्हणजे 2001 सालचा 'इको'. जपान आणि युरोपातल्या आवृत्तीवर दिग्दर्शक फुमितो उएदा यांनी स्वतः, इटालियन चित्रकार ज्योर्जो दे किरिको यांच्या प्रभावाखाली काढलेले चित्र होते: लांब सावल्या, ओसाड वास्तू आणि त्यात चिमुकली दोन माणसे. उत्तर अमेरिकेच्या खोक्यावर मात्र मुलाचा मोठा चेहरा आणि ठरावीक साहसकथेचा थाट आला. आत गेम एकच होता, पण दोन्ही खोकी दोन वेगळ्या गेमची वाटतात.

मात्र खोके हातात घेता येत असे. पाठीमागचा मजकूर वाचता येई, दुकानदाराला विचारता येई. वॉल्व्ह कंपनीने 2003 मध्ये सुरू केलेल्या स्टीमवर हा आधार हळूहळू गेला. सुरुवातीला तिथे निवडक गेमच येत. 2012 मध्ये ग्रीनलाइट ही खेळाडूंच्या मतांवर चालणारी प्रवेशपद्धत आली आणि 2017 मध्ये तीही बंद होऊन स्टीम डायरेक्ट आले. आता दर गेममागे शंभर डॉलर भरले आणि किमान तपासणी पार केली की दुकानात जागा मिळते. दार सर्वांना उघडे झाले ही मोठीच गोष्ट घडली, आणि तिच्यासोबत गर्दीही आली.

म्हणूनच जुनी उदाहरणे जपून वापरावी लागतात. 2015 सालच्या 'अंडरटेल'चे कॅप्सूल म्हणजे काळी पार्श्वभूमी, पांढरी पिक्सेल अक्षरे आणि एक लाल हृदय, एवढेच. तो गेम अफाट गाजला. 'बघा, साधे चित्रही चालते' असे म्हणून आजही अनेक नवे निर्माते त्याचा दाखला देतात. पण त्या वर्षी स्टीमवर आलेल्या गेमची संख्या आजच्या तुलनेत खूपच कमी होती, आणि 'अंडरटेल'ला खेळाडूंनी एकमेकांना सांगून मोठे केले. यादीतल्या चित्राने त्याला नेले नाही, त्याच्या लौकिकाने त्या चित्राला अर्थ दिला. ज्याचे नाव अजून कोणी ऐकलेले नाही, त्याला ही वाट उपलब्ध नाही.

आता प्रत्यक्ष आकारांकडे येऊ, कारण बहुतेक चुका इथेच होतात. स्टीम एका गेमसाठी एक चित्र मागत नाही, चांगली अर्धा डझन मागते. आडवे मुख्य शीर्षचित्र 920 × 430 पिक्सेल, लहान कॅप्सूल 462 × 174, पहिल्या पानावर झळकायची संधी मिळालीच तर लागणारे मोठे कॅप्सूल 1232 × 706, उभे कॅप्सूल 748 × 896. शिवाय खेळाडूच्या संग्रहात दिसणारे उभे चित्र 600 × 900 आणि त्याच संग्रहाच्या माथ्यावर पसरणारे 3840 × 1240 चे लांबलचक चित्र. या शेवटच्यावर अक्षरे टाकायची नसतात, लोगो वेगळा द्यावा लागतो. नवखा निर्माता साहजिकच मोठ्या चित्रापासून सुरुवात करतो, ते मन लावून करतो आणि बाकीची त्यातून कापून काढतो. माझ्या मते क्रम नेमका उलटा हवा. सर्वात जास्त वेळा सर्वात जास्त लोकांना दिसणार आहे ते सर्वात लहान चित्र.

हे लहान कॅप्सूल आपण 462 पिक्सेल रुंदीचे चढवतो, पण शोधयाद्यांमध्ये आणि इतर कोपऱ्यांत ते आणखी आक्रसते. काही ठिकाणी तर 120 × 45 इतके. समजा गेमचे नाव रोमन लिपीत चोवीस अक्षरांचे आहे आणि ते एका ओळीत बसवले आहे. दोन्ही बाजूंना दहा-दहा पिक्सेल मोकळे सोडले तर उरले शंभर. म्हणजे दर अक्षराला जेमतेम चार पिक्सेल, आणि त्यातच दोन अक्षरांमधली फट आली. रोमन 'ई'च्या तीन आडव्या रेघा आणि त्यांच्यामधल्या दोन फटी दिसायला किमान पाच पिक्सेल उंची लागते. त्याला नक्षीदार शेपट्या जोडल्या, मागे धूर सोडला, अक्षरांवर भेगा पाडल्या की वाचायला काही उरत नाही. यावर मार्ग मोजकेच आहेत: नाव दोन ओळींत मोडणे, उपशीर्षक लहान कॅप्सूलमधून सरळ काढून टाकणे, किंवा मुळात छोटे नाव ठेवणे. स्टीमची स्वतःची सूचनाही हीच आहे की या आकारात लोगोने जवळजवळ सगळी जागा व्यापावी. ही सूचना न पाळता आधी अख्खे निसर्गचित्र आणि मग त्याच्या कोपऱ्यात मुंगीएवढे नाव अशी कॅप्सूल रोज दिसतात.

चित्र ज्या पानावर बसणार आहे, त्या पानाचाही विचार करावा लागतो. स्टीमची पार्श्वभूमी गडद निळसर आहे. कडा काळ्यानिळ्या ठेवल्या तर चित्राची चौकट त्या पानात विरघळून जाते. खेळाडूने गेम विशलिस्टमध्ये टाकला असेल किंवा विकत घेतला असेल तर डावीकडच्या वरच्या कोपऱ्यावर एक पट्टी चढते, म्हणून नावाचे पहिले अक्षर तिथे नको. या गोष्टी बारीक आहेत, पण चित्र स्वतःच्या पडद्यावर मोठे करून पाहणाऱ्याला त्या दिसत नाहीत. कॅप्सूलचा कच्चा मसुदा दुकानाच्या खऱ्या यादीच्या स्क्रीनशॉटवर, इतर वीस गेमच्या मध्ये चिकटवून पाहिल्याखेरीज त्यावर मत देऊच नये.

सुवाच्यतेबद्दल आता वाद उरलेला नाही. वाद आहे तो ती कशाने येते याबद्दल. पुष्कळ जण भडक रंगांकडे धावतात. माझ्या मते रंगाच्या आधी उजेड-अंधाराचा हिशोब येतो. चित्र कृष्णधवल करून पाहावे. तेव्हा मुख्य आकृती आणि नाव मागच्या पटापासून सुटून दिसले तरच पुढे जावे. भयकथेच्या गेममध्ये हा हिशोब हमखास चुकतो. काळ्यावर लाल अक्षरे ही त्या प्रकाराची ठरलेली पद्धत, पण लाल रंग डोळ्याला वाटतो तितका उजळ नसतो. संकेतस्थळांवरच्या सुवाच्यतेसाठी जे सूत्र वापरतात त्याने मोजले, तर पांढऱ्याची काळ्याशी तफावत 21 ला 1 येते, शुद्ध लालची सुमारे 5 ला 1, आणि सुकलेल्या रक्तासारख्या गडद लालची जेमतेम 2 ला 1. चित्रकाराच्या मोठ्या पडद्यावर ती अक्षरे सुंदर दिसतात आणि यादीत गडप होतात. लालच हवा असेल तर अक्षरे पांढरट ठेवून लाल त्यांच्यामागे न्यावा.

अंधारी चित्रे चालतच नाहीत असे मात्र नाही. ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेड शहरातल्या टीम चेरी या छोट्या चमूचा 2017 सालचा 'हॉलो नाइट' पाहा. सगळा गेम निळ्याकाळ्या अंधारात घडतो. पण त्याच्या नायकाचा मुखवटा पांढराफटक आहे: दोन शिंगे, डोळ्यांच्या जागी दोन मोठी काळी भोके, बाकी काही नाही. ही आकृती कितीही लहान करा, ती ओळखू येते, आणि पूर्ण काळी करून फक्त बाह्यरेषा ठेवली तरी ओळखू येते. 2025 मध्ये आलेल्या 'सिल्कसाँग' या पुढच्या गेममध्ये नायिका वेगळी आहे, पण पांढऱ्या शिंगाळ मुखवट्याचे कुळ तेच ठेवून तिला लाल अंगरखा दिला आहे. जुन्या खेळाडूला नाव वाचायच्या आधीच नाते कळते. हे यश कॅप्सूलच्या चित्रकाराचे म्हणण्यापेक्षा पात्र घडवणाऱ्याचे आहे. म्हणून मी म्हणतो की कॅप्सूल फार आधी सुरू होते.

दुसरा मोठा मुद्दा प्रकाराच्या ओळखीचा. गेमच्या विक्रीवर सातत्याने लिहिणारे ख्रिस झुकॉव्स्की यांच्यासारखे सल्लागार वर्षानुवर्षे एकच आग्रह धरत आले आहेत: कॅप्सूल पाहून गेमचा प्रकार कळला पाहिजे, आणि त्यासाठी व्यावसायिक चित्रकारावर पैसे खर्च करावेत. यात तथ्य आहे. शेतीचा निवांत गेम शोधणारा खेळाडू गोलसर अक्षरे, मऊ हिरवे-निळे रंग आणि लाकडी पाटीसारखा लोगो शोधत असतो. 2016 सालच्या 'स्टारड्यू व्हॅली'ने, जो एरिक बरोन यांनी एकट्याने केला, ती भाषा पक्की करून ठेवली आहे. त्याच खेळाडूला धारदार धातूची अक्षरे दिसली तर तो पुढे सरकतो, आत कितीही सुंदर शेत असले तरी.

पण या सल्ल्याचा अतिरेक कुठे जातो तेही आपण पाहिले आहे. 2012 मध्ये 'क्लॅश ऑफ क्लॅन्स' या मोबाइल गेमच्या आयकॉनवर तोंड वासून ओरडणारा योद्धा आला. मग मोबाइलच्या दुकानांत वर्षानुवर्षे ओरडणाऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. त्या रांगेत उभे राहून कोणाचाही चेहरा लक्षात राहत नाही. स्टीमवरही आज निवांत गेमच्या यादीत गेलात तर तीच पेस्टल छटा, तीच मांजर, तेच कपभर वाफाळणारे पेय. सगळ्यांनी सल्ला पाळला आणि सगळे सारखे झाले.

प्रकार ओळखू यावा आणि तरी हा गेम दुसरा कोणताही नाही हेही कळावे, या दोन्ही गोष्टी एका चित्रात साधतात का? साधतात, आणि याचे मला सर्वांत आवडते उदाहरण म्हणजे 2022 चा 'कल्ट ऑफ द लॅम्ब'. एक गोजिरवाणे कोकरू आणि त्याच्या डोक्यावर डोळा असलेला सैतानी मुकुट. कोकरू सांगते की इथे गोड पात्रे आहेत, सांभाळायची वस्ती आहे. मुकुट सांगतो की इथे बळी जाणार आहेत. गेम नेमका हाच आहे: पंथ चालवायचा, अनुयायी पोसायचे आणि अंधाऱ्या गुहांत लढायचे. चित्रातला विरोध सजावटीसाठी आणलेला नाही, तो गेमच्या गाभ्यातून आला आहे. 2024 च्या 'बलाट्रो'चेही तसेच. पोकरचे पत्ते तर हजारो मोबाइल गेममध्ये असतात. पण जाड पिक्सेल अक्षरे आणि जुन्या काचेच्या पडद्याची आठवण देणारा जोकर यांच्या जोरावर तो जुगाराच्या झगमगाटापासून स्वतःला वेगळे काढतो. एका माणसाने टोपणनावाने केलेला हा गेम महिनाभरात दहा लाखांवर खपला. ते श्रेय अर्थातच गेमचे, पण चित्राने गेमबद्दल खोटे सांगितले नाही.

खोट्याचा विषय निघालाच आहे तर त्यावर जरा थांबू. गेम पिक्सेल चित्रांचा असेल तर कॅप्सूलही पिक्सेलमध्येच हवे का? एक पक्ष म्हणतो, होय, नाहीतर फसवणूक होते. मला हे पटत नाही. 2018 चा 'सेलेस्ट' पिक्सेलमध्ये घडतो, नायिका पडद्यावर मूठभर ठिपक्यांची आहे, पण मुखपृष्ठावर ती रंगवलेली, लाल केसांची, डोंगराशी भिडलेली मुलगी आहे. इथे चित्रकार गेमच्या भावनेशी प्रामाणिक आहे: डोंगर, चढण, एकटेपण, जिद्द. अटारीच्या खोक्यांनी जे केले तेच हे. फसवणूक तेव्हा होते जेव्हा चित्र कृतीबद्दल खोटे सांगते. कोडी सोडवायच्या संथ गेमच्या कॅप्सूलवर तलवार उगारलेला वीर उभा केला, तर लढाई शोधणारा येतो, रागावतो आणि जातो. ज्याला कोडी हवी होती तो आलेलाच नसतो. स्टीमने जून 2015 पासून पैसे परत घेण्याची सोय दिली आहे: खरेदीपासून चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेले असेल तर. त्यामुळे चुकीच्या माणसाला आत ओढण्याचा खर्च परत गेलेल्या पैशांत आणि वाईट अभिप्रायांत लगेच दिसतो.

दुकानानेही काही बंधने घातली. 1 सप्टेंबर 2022 पासून स्टीमच्या कॅप्सूलवर गेमचे चित्र, त्याचे नाव आणि अधिकृत उपशीर्षक एवढेच चालते. पुरस्कारांची पदके, समीक्षकांचे गुण, कौतुकाची वाक्ये, सवलतीचे आकडे हे सगळे बंद. मोठे अद्ययावतीकरण आले तर महिनाभरापुरते वेगळे चित्र लावता येते, पण त्यावरचा मजकूर गेम ज्या भाषांत आहे त्या सगळ्या भाषांत द्यावा लागतो. त्याआधी अनेक कॅप्सूलांवर इतकी चिकटपत्रे असत की मूळ चित्र शोधावे लागे, आणि तो मजकूर बहुधा फक्त इंग्रजीत असे. गूगल प्लेनेही 2021 मध्ये आयकॉनवर क्रमांक, किंमत आणि 'सर्वोत्तम' असल्या शब्दांना मनाई केली. छोट्या निर्मात्याने या नियमांचे स्वागतच करावे. पदके मोठ्यांकडे जास्त असतात, त्यामुळे पदकांशिवायच्या मैदानात त्याच्या चित्राला निदान बरोबरीची जागा मिळते.

चित्र कोणी करावे? गेममधली चित्रे करणाराच कॅप्सूल करू शकेल असे नाही, ती वेगळी विद्या आहे. केवळ कॅप्सूल करून देणारे चित्रकार आता जगभर आहेत आणि त्यांचे दर काहीशे डॉलरपासून दोन-तीन हजार डॉलरपर्यंत जातात. इथल्या निर्मात्याला हा आकडा जड जातो हे खरे, पण तीन वर्षांच्या श्रमांपुढे तो ठेवून पाहावा. खर्च करायचा तर काम नीट मागावे. चित्रकाराला गेम खेळायला द्यावा. गेमच्या प्रकारातली दहा नावाजलेली कॅप्सूल आणि तुम्हाला टाळायची पाच अशी दाखवावीत. पूर्ण चित्राआधी चार-सहा अगदी छोटे कच्चे आराखडे मागावेत आणि निवड त्या छोट्या आकारातच करावी. करारात व्यापारी हक्क, सर्व थरांसहित मूळ फाइल, पात्र वेगळे, पार्श्वभूमी वेगळी आणि लोगो पारदर्शक पटावर वेगळा, हे लिहून घ्यावे. चारी बाजूंना जास्तीची जागा रंगवलेली नसेल तर आडव्या चित्रातून उभे काढताना पात्राचे पाय किंवा शिंगे कापली जातात, आणि मग पुन्हा पैसे मोजावे लागतात.

एआयने चित्र करून घेण्याचा मोह इथेच होतो. जानेवारी 2024 पासून स्टीमने एआय वापराची माहिती देणे बंधनकारक केले आणि ती गेमच्या पानावर खेळाडूंना दाखवली जाऊ लागली. इंडी खेळाडूंचा एक मोठा गट अशा चित्रांकडे नाराजीने पाहतो, आणि ती नाराजी मला रास्त वाटते. पण नैतिकतेचा प्रश्न क्षणभर बाजूला ठेवला तरी कामाची अडचण उरतेच. अशी यंत्रे आधी झालेल्या असंख्य चित्रांची सरासरी देतात. कॅप्सूलला नेमके हेच नको असते. कोकराच्या डोक्यावर तो मुकुट ठेवायला गेम आतून माहीत असावा लागतो.

आता मोजमापाकडे. गूगल प्लेवर आणि ॲपलच्या दुकानात वेगवेगळे आयकॉन एकाच वेळी वेगवेगळ्या लोकांना दाखवून तुलना करण्याची सोय आहे. स्टीमवर कॅप्सूलसाठी अशी सोय नाही. तिथे निर्मात्याला कळते ते इतकेच की चित्र किती वेळा दिसले आणि त्यातून पानावर किती जण आले. या दोन आकड्यांच्या भागाकाराला नको तितके महत्त्व दिले जाते. गेमचे नाव टाइप करून शोधणारा माणूस क्लिक करणारच, तो आधीच तुमचा आहे. पहिल्या पानावर ओझरते पाहणारा क्वचितच करतो. या दोघांची सरासरी काढून काहीच कळत नाही. एका महिन्यात बाहेरून चर्चा झाली तर टक्का वाढतो, आणि कॅप्सूल जुनेच असते. तुलना करायची तर एकाच स्रोताची, शक्य तितक्या सारख्या दिवसांत करावी. आकडेही पुरेसे मोठे हवेत. हजार दर्शनांत वीस क्लिक आणि नव्या चित्रानंतर हजारांत सव्वीस, हा फरक नुसत्या योगायोगानेही सहज पडतो. त्यावर उत्सव साजरा करू नये आणि जुने चित्र फेकूही नये. काही निर्माते समाजमाध्यमांवर थोड्या पैशांच्या जाहिराती लावून दोन चित्रे ताडून पाहतात. तिथली गर्दी स्टीमची नसते हे लक्षात ठेवले तर हा मार्ग उपयोगी आहे.

खरी कसोटी पाहायची तर स्टीमच्या नेक्स्ट फेस्टमध्ये. वर्षातून तीनदा भरणाऱ्या या डेमो-महोत्सवात अलीकडे दोन हजारांहून अधिक गेम एकाच वेळी उतरतात. सरकत जाणारी चित्रांची जाळी आणि थकलेला खेळाडू, एवढेच तिथे असते. कॅप्सूल बदलायचे असेल तर ते या महोत्सवाच्या आधी बदलावे. महोत्सव सुरू झाल्यावर धावपळ करून काही हाती लागत नाही.

आपल्याकडे पाहिले तर पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा 'राजी : ॲन एन्शंट एपिक' हा 2020 सालचा गेम आठवतो. भावाला सोडवायला निघालेली मुलगी, पहाडी लघुचित्रांच्या शैलीतली पार्श्वचित्रे, पुराणकथा, आणि मुख्य नाव रोमन लिपीत फक्त चार अक्षरांचे. टोरोंटोतल्या व्हिसाई गेम्सचा 2023 चा 'वेन्बा' तमिळ आईच्या स्वयंपाकघराचा गेम आहे, नाव पाच अक्षरांचे. दोन्ही नावे परदेशी खेळाडूला अनोळखी आहेत, पण ती एका नजरेत वाचता येतात. संस्कृतीचे वेगळेपण लपवायची गरज नाही हे या दोन गेमनी दाखवले. लांबलचक नावात ते गुंडाळायची मात्र गरज नाही.

पुढचा प्रश्न देवनागरीचा आहे आणि तो आपल्यालाच सोडवायचा आहे. स्टीमवर वेगवेगळ्या भाषांसाठी वेगळा लोगो चढवता येतो अशी व्यवस्था आहे, आणि चिनी खेळाडूंसाठी चिनी अक्षरांतला लोगो आता इंडी निर्मातेही सर्रास करून घेतात. मराठी नाव देवनागरीत लिहायचे झाले तर 45 पिक्सेल उंचीत काय होते? समासाला पाच-पाच सोडले, राहिले पस्तीस. त्यात वर वेलांट्या, मात्रा, रफार, अनुस्वार, खाली उकार, ऋकार. अक्षराच्या मूळ शरीराला निम्मी उंचीही धड मिळत नाही. रोमनची मोठी अक्षरे मात्र सगळी पस्तीस पिक्सेल वापरतात. तयार फॉन्ट उचलून यातून सुटका होत नाही. शिरोरेषा जाड करायची, मात्रा आखूड करून अक्षराशी जवळ आणायच्या, उकार शेजारच्या अक्षराच्या पोकळीत वळवायचा, अनुस्वाराचा टिंब मोठा करायचा, असे एकेक अक्षर हाताने घडवावे लागते.

आणि हे काम मराठीत कधी झालेच नाही असे नाही. कमल शेडगे यांनी वर्तमानपत्रांतल्या नाटकांच्या जाहिरातींसाठी केलेली नावांची अक्षरे पाहावीत. अरुंद जागा, खरखरीत कागद, काळी शाई, शेजारी इतर नाटकांच्या जाहिरातींची दाटी. तरी अक्षराच्या वळणावरून नाटक विनोदी आहे की गंभीर, ते कळत असे. छोट्या जागेत नाव वाचले जावे आणि त्यातूनच प्रकृती समजावी, ही कॅप्सूलच्या लोगोचीच अट आहे. गेम करणाऱ्या तरुणांनी परदेशी कॅप्सूलांचे संग्रह जरूर चाळावेत, पण जुन्या वर्तमानपत्रांच्या नाटकांच्या पानांनाही तितकाच वेळ द्यावा. आणि अक्षरलेखन करणाऱ्यांनी या नव्या कामाकडे पाहावे, इथे त्यांची खरोखर गरज आहे.

मराठीत गेम करणाऱ्या प्रत्येकाला माझी एकच विनंती आहे. खेळता येण्याजोगे पहिले रूप तयार होईल तेव्हाच कॅप्सूलचा कच्चा मसुदा करा, पुढच्या वर्षाची वाट पाहू नका. तो 120 पिक्सेल रुंदीला आणा, स्टीमच्या यादीच्या स्क्रीनशॉटमध्ये बसवा आणि तुमचा गेम कधीही न पाहिलेल्या लोकांना दोनच प्रश्न विचारा: याचे नाव काय, आणि यात काय करायचे असेल? उत्तरे चुकली तर चित्र बदला. चित्र बदलूनही पुन्हा पुन्हा चुकत राहिली तर चित्रकाराला दोष देऊ नका, गेमचा मूळ विचार घेऊन बसा.